सोळा तालुके, चोवीस कायमच्या लढती

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत: पुसद, उमरखेड, महागाव, दिग्रस, आर्णी, दारव्हा, नेर, यवतमाळ, बाभुळगाव, कळंब, राळेगाव, घाटंजी, केळापूर, मारेगाव, वणी आणि झरी-जामणी. प्रत्येक तालुक्याचा एक कॉलेज संघ आहे असं धरू. खेळ कबड्डीचा घेऊ. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली थेट बर्लिन ऑलिंपिकमध्ये दाखवलेला हा वऱ्हाडच्या मातीतला खेळ. स्पर्धा फक्त कागदावरची, पण तिच्यासमोरचा प्रश्न अगदी खरा आहे.

पुसद आणि दिग्रस, पुसद आणि उमरखेड, वणी आणि मारेगाव या शेजाऱ्यांच्या लढती दरवर्षी व्हायलाच हव्यात. गर्दी जमते ती त्यांना. गेल्या वर्षीच्या हरण्याचा वचपा काढायचा असतो तोही तिथेच. पण शेजारी सतत शेजाऱ्यांशीच खेळत राहिले तर पुसदच्या पोरांना वणीचा खेळ कधी दिसायचा? सगळे सगळ्यांशी खेळवावेत तर प्रत्येक संघाला १५ सामने आणि जिल्ह्यात एकूण १२० सामने होतात. पावसाळा, सणवार, परीक्षा यांतून एवढे दिवस मिळत नाहीत. समजा, प्रत्येकाला वर्षाला ९ सामनेच झेपतात. मग जुन्या चुरशी जपायच्या, कुणावर अन्याय होऊ द्यायचा नाही, आणि ३ वर्षांच्या पदवीत प्रत्येक खेळाडूला जिल्ह्यातल्या प्रत्येक संघाशी एकदा तरी भिडायला मिळालं पाहिजे. हे सगळं एकाच वेळापत्रकात बसेल?

बसतं. शिवाय कुठल्या चुरशी जपायच्या हे तुम्ही मनाप्रमाणे ठरवा, प्रत्येकाला तीन-तीन प्रतिस्पर्धी दिलेत की उरलेलं वेळापत्रक न्यायाने वाटता येतंच, याची हमी गणित देतं. ही हमी कुठून येते ते पाहण्यासारखं आहे.

एका सामन्यात घरी

आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बऱ्याचदा बाद पद्धतीने होतात. १६ संघ असतील तर एक सोडून बाकी १५ संघांना कधी ना कधी बाद व्हावं लागतं आणि एका सामन्यात एकच संघ बाद होतो. म्हणून १५ सामन्यांत विजेता ठरतो. आयोजकांसाठी ही फार आटोपशीर सोय. पण पहिल्याच फेरीत ८ संघ घरी जातात. वर्षभर घाम गाळायचा, एसटीने दूरच्या गावी जायचं आणि एक सामना हरून परत फिरायचं, हे निम्म्या संघांच्या वाट्याला येतं. शेजाऱ्याशी गाठ पडेल की नाही हे चिठ्ठ्यांवर अवलंबून.

दुसरं टोक म्हणजे साखळी पद्धत. ती सगळ्यांत न्यायी, पण सगळ्यांत लांबलचक. संघ थोडे असतील तोवर ठीक. ते वाढत गेले की सामन्यांची संख्या झपाट्याने फुगते: ८ संघांना २८ सामने, १६ संघांना १२०. संघ दुप्पट, सामने चौपटीहून जास्त. म्हणून जगभरच्या मोठ्या स्पर्धांना या दोन टोकांच्या मधली वाट शोधावी लागते, आणि ती शोधताना पहिला घाव बसतो तो जुन्या चुरशींवर.

रणजी स्पर्धेचा इतिहास हेच सांगतो. मुंबई आणि महाराष्ट्र यांची चुरस किती जुनी, तर मार्च १९४९ मध्ये पुण्यात या दोघांचा उपांत्य सामना झाला आणि त्यात दोन्ही संघांनी मिळून २,३७६ धावा केल्या. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ केल्या, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४. दुसऱ्या डावात ६०४ धावा करूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला! पुढे अनेक दशकं विभागवार साखळी होती. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. मध्य विभागात आपला विदर्भ, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि रेल्वे. शेजाऱ्यांची गाठ ठरलेली असे. २००२-०३ पासून एलिट आणि प्लेट अशी गुणवत्तेवर विभागणी झाली आणि ही हमी संपली. २०१३-१४ च्या हंगामात मुंबई आणि महाराष्ट्र वेगवेगळ्या गटांत होते. दोघांची गाठ पडली ती थेट उपांत्यपूर्व फेरीत, आणि तिथे महाराष्ट्राने मुंबईला मुंबईत हरवलं.

विदर्भाचंच पाहा. २०२३-२४ चा अंतिम सामना मुंबईने विदर्भाविरुद्ध जिंकला. पुढच्याच हंगामात विदर्भाने नागपुरात मुंबईला उपांत्य फेरीत हरवून उट्टं काढलं आणि करंडकही जिंकला. एक नवी, सणसणीत चुरस डोळ्यांदेखत जन्माला आली. पण त्या हंगामात हे दोन संघ साखळीच्या वेगळ्या गटांत होते. दोघंही उपांत्य फेरीपर्यंत पोचले नसते, तर ही लढत झालीच नसती.

मुंबई आणि चेन्नई एका ओळीत

आयपीएलने २०२२ साली हाच प्रश्न कसा सोडवला ते पाहा. संघ १० झाले होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं तर १८ सामने, आणि वेळ होता १४ सामन्यांचा. मग पाच-पाच संघांचे दोन रकाने केले. प्रत्येक संघ आपल्या रकान्यातल्या ४ संघांशी दोनदा खेळला, म्हणजे ८ सामने. समोरच्या रकान्यात आपल्याच ओळीत जो संघ असेल त्याच्याशी दोनदा, म्हणजे २. उरलेल्या चौघांशी एकेकदा, म्हणजे ४. बेरीज १४. पहिल्या ओळीत एका बाजूला मुंबई इंडियन्स होते, दुसऱ्या बाजूला चेन्नई सुपर किंग्ज. रकाने वेगळे असूनही त्यांच्या दोन्ही लढती शाबूत राहिल्या, त्या या एका ओळीमुळे.

कबड्डीत प्रो कबड्डी लीगनेही असाच प्रयोग केला. २०१७ साली संघ १२ झाले, तेव्हा दोन विभाग पाडले. आपल्या विभागातल्या पाचांशी तीन-तीनदा, म्हणजे १५ सामने. दुसऱ्या विभागाशी ७. एकूण २२. यू मुम्बा आणि पुणेरी पलटण एकाच विभागात असल्यामुळे महाराष्ट्राच्या दोन संघांची लढत त्या हंगामात तीनदा झाली. २०१९ साली विभाग मोडून प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं ठरलं. ११ प्रतिस्पर्धी, दोनदा, म्हणजे पुन्हा २२. सामन्यांची संख्या तीच, पण एका वाटपात चुरस जास्त, दुसऱ्यात समानता जास्त. वेळापत्रकाचा कागद हातात घेणाऱ्याला या दोन्हींचा मेळ घालायचा असतो.

हा मेळ सगळ्यांत देखणा जमवलाय तो अमेरिकेतल्या कॉलेजांनी. तिथलं फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावायचा खेळ, आपल्या ओळखीचं फुटबॉल नव्हे. तिथली विद्यापीठं ‘कॉन्फरन्स’ नावाच्या संघटनांत विभागलेली आहेत, आणि चुरशी शंभर-सव्वाशे वर्षांच्या. लष्कर आणि नौदलाच्या अकादमींची लढत १८९० पासूनची, टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम यांची १८९४ पासूनची. ही दुसरी लढत २०११ नंतर बंद पडली, कारण एक संघ दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेला. ती पुन्हा सुरू व्हायला २०२४ साल उजाडलं.

त्या भागातल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये २०१२ ते २०२३ या काळात १४ संघ होते, सात-सातांचे दोन विभाग. प्रत्येकाला ८ सामने: आपल्या विभागातल्या ६ संघांशी, पलीकडच्या एका ठरलेल्या प्रतिस्पर्ध्याशी, आणि पलीकडच्या उरलेल्या सहांपैकी एकाशी, आळीपाळीने. चुरशी जपल्या गेल्या. पण ही आळीपाळी मोजून पाहा. सहा संघ आणि वर्षाला एक जागा, म्हणजे एकाच संघाशी पुन्हा गाठ ६ वर्षांनी. तोच संघ आपल्या मैदानावर पाहुणा म्हणून यायला १२ वर्षं. विद्यार्थी कॉलेजात राहतो ४ वर्षं! म्हणजे एखादा खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडेल, नोकरीला लागेल, आणि आपल्याच संघटनेतल्या कित्येक संघांशी एकदाही खेळलेला नसेल.

२०२४ साली या कॉन्फरन्सचे संघ १६ झाले, आणि २०२६ पासूनची नवी रचना अशी: विभाग नाहीत, प्रत्येकाला ९ सामने. ३ प्रतिस्पर्धी कायमचे, दरवर्षीचे. उरलेल्या १२ पैकी ६ पहिल्या वर्षी, ६ दुसऱ्या वर्षी. तीन अधिक सहा अधिक सहा, बरोबर पंधरा. दोन वर्षांत सगळ्यांशी गाठ. चार वर्षांत प्रत्येकाशी एकदा घरच्या मैदानावर, एकदा परक्या. अलाबामाला ऑबर्न, टेनेसी आणि मिसिसिपी स्टेट हे तीन कायमचे. टेक्ससला ओक्लाहोमा, आर्कन्सॉ आणि टेक्सस ए अँड एम. न्याय एका वर्षात मोजायचा नाही, विद्यार्थ्याच्या कॉलेजातल्या मुक्कामात मोजायचा, हा विचार त्यामागे आहे. मला तो फार मोलाचा वाटतो.

१६ संघ आणि ९ सामने. आपल्या १६ तालुक्यांना ही रचना जशीच्या तशी लागू पडते.

नकाशावर रेघा

आता कागद घ्या आणि १६ तालुक्यांचे १६ ठिपके काढा. कायमची लढत म्हणजे दोन ठिपक्यांना जोडणारी रेघ. प्रत्येक ठिपक्यातून ३ रेघा निघायला हव्यात. एकूण रेघा किती? १६ गुणिले ३ म्हणजे ४८, पण प्रत्येक रेघ दोन्ही टोकांना मोजली गेली, म्हणून त्याची निम्मी, २४.

हा ‘निम्मा’ साधा दिसतो, पण तो मोठा करारी आहे. बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. १३ गुणिले ३ म्हणजे ३९, त्याची निम्मी साडेएकोणीस. अर्धी लढत कशी खेळवणार? म्हणजे बुलढाण्यात प्रत्येक तालुक्याला नेमके ३ कायमचे प्रतिस्पर्धी देणं अशक्य. कितीही हुशार माणूस बसवा, कितीही मोठा संगणक लावा, ते होणार नाही. अकोल्याचे ७ तालुके, तिथेही नाही. यवतमाळला जमतं, कारण १६ ही सम संख्या आहे.

आता पुसदच्या बाजूने सुरुवात करू. पुसदला दिग्रस, उमरखेड आणि महागाव. उमरखेडला महागावही द्या. महागावला तिसरा आर्णी. दिग्रसला दारव्हा आणि आर्णी. दारव्ह्याला नेर आणि यवतमाळ. नेरला यवतमाळ आणि बाभुळगाव. बाभुळगावला यवतमाळ आणि कळंब. कळंबला राळेगाव. आर्णीला घाटंजी. घाटंजीला केळापूर. केळापूरला राळेगाव आणि झरी-जामणी. झरीला वणी आणि मारेगाव. मारेगावला वणी आणि राळेगाव. इथवर २२ रेघा झाल्या. पाहा, कुणाला काही कमी पडलंय का? चार तालुक्यांना एकेक जागा उरली: कळंब, घाटंजी, उमरखेड आणि वणी. कळंब आणि घाटंजी जोडून टाकू, दोघंही यवतमाळच्या आसपासचे. मग उरले उमरखेड आणि वणी. जिल्ह्याची दोन टोकं! आणि चोविसावी रेघ त्यांनाच जोडावी लागते.

कोपऱ्यातल्या तालुक्यांना जवळचे शेजारी कमी, म्हणून लांबचा प्रवास त्यांच्या वाट्याला आला. यात कुणाची लबाडी नाही, नकाशाचीच ती अडचण आहे. पण ती अशी उघड दिसली की तिच्यावर उपाय करता येतो. उमरखेड आणि वणीचा सामना अधल्यामधल्या गावी खेळवता येईल, किंवा त्यांच्या प्रवासखर्चाला जिल्ह्याने हातभार लावावा. चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या वेळापत्रकात हा भार कुणावर पडतो हे कळतच नाही.

आता खरा पेच. या मांडणीत पुसद आणि यवतमाळ ही लढत कायमची नाही. जिल्ह्यातली ही दोन मोठी शहरं. त्यांची लढत दरवर्षी हवी असं पुसदचे लोक म्हणतीलच. पण पुसदच्या तिन्ही जागा भरल्या आहेत आणि यवतमाळच्याही. मग पुसदला महागाव सोडावं लागेल आणि यवतमाळला बाभुळगाव. पुसद-यवतमाळ ही रेघ आली. पण महागाव आणि बाभुळगाव यांना एकेक प्रतिस्पर्धी कमी पडला, आणि ते दोघं आता एकमेकांना जोडले जातात: एक दक्षिणेकडचा, दुसरा ईशान्येकडचा, कधी एकमेकांचं नाव न घेतलेले. एक मोठी चुरस जपली आणि दोन छोट्या चुरशी मोडल्या. प्रत्येक बदलाची किंमत अशी नेमकी मोजता येते. ती किंमत द्यायची की नाही हे माणसांनी ठरवायचं. ती कुणी भरायची हे रेघा दाखवून देतात.

बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सने वेगळी वाट धरली. तिथे १८ संघ, ९ सामने, आणि कायमच्या लढती फक्त १२. जिथे चुरस खरी आहे तिथेच ती जपली. आयोवाला तीन कायमचे प्रतिस्पर्धी आहेत, तर पेन स्टेटला एकही नाही. सगळ्यांना सारखे तीन, की ज्याची जेवढी चुरस त्याला तेवढे? दोन्ही मतांच्या बाजूने बोलता येतं. मला सारख्या तिनांची रचना जास्त भावते, कारण त्यात लहान तालुक्यालाही आपले म्हणावेत असे तीन प्रतिस्पर्धी मिळतात. चुरस नसेल तिथे दरवर्षीच्या भेटीने ती हळूहळू तयारही होते.

पुसदहून निघालेली एसटी

कायमच्या २४ लढती ठरल्या. एकूण जोड्या १२०, म्हणजे उरल्या ९६. प्रत्येक तालुक्याला १२ प्रतिस्पर्धी उरले. यांतले ६ या वर्षी, ६ पुढच्या वर्षी असे करायचे आहेत, आणि तेही सोळाच्या सोळा तालुक्यांसाठी एकाच वेळी. पुसदने या वर्षी वणी घेतलं की वणीच्या सहांतली एक जागा गेली. प्रत्येक निवड दुसऱ्याच्या पानात उतरते. नुसत्या एका आठवड्याच्या ८ जोड्या लावायच्या तर १६ संघांच्या २० लाख २७ हजार २५ तऱ्हा होतात. मग हे कोडं अंदाजाने कधी सुटायचं?

उत्तर आहे १७३६ सालचं. प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहरात सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं शहर फिरता येईल का, असं लोक विचारत. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं की येणार नाही, आणि त्यातून एक नियम दिला. ज्या ठिकाणी आपण येतो तिथून निघावंही लागतं, म्हणून प्रत्येक ठिकाणचे रस्ते दोन-दोन करून संपतात. प्रत्येक ठिकाणी रस्ते सम असतील आणि सगळी ठिकाणं एकमेकांशी जोडलेली असतील, तर प्रत्येक रस्ता एकदाच घेऊन जिथून निघालो तिथे परत येता येतं. याची पूर्ण सिद्धता कार्ल हिअरहोल्झर या जर्मन गणितज्ञाच्या नावाने १८७३ साली प्रसिद्ध झाली.

आता त्या ९६ उरलेल्या लढतींना रस्ते समजा. प्रत्येक तालुक्यातून १२ रस्ते, सम संख्या; आणि इतर १५ पैकी १२ तालुक्यांशी थेट रस्ता असल्याने सगळे एकमेकांशी जोडलेलेही राहतात. म्हणजे मनातल्या मनात पुसदहून एक एसटी सोडा. ती ९६ रस्ते एकेकदा घेईल आणि शेवटी पुसदच्या बसस्थानकात परत येईल. अशी फेरी नक्की असते. आता तिच्या रस्त्यांना क्रम द्या: १, २, ३, ४… ९६. विषम क्रमांकाचे रस्ते पहिल्या वर्षीचे, सम क्रमांकाचे दुसऱ्या वर्षीचे.

झालं, वाटणी संपली. गाडी कळंबला विषम रस्त्याने आली तर सम रस्त्याने निघेल; सम रस्त्याने आली तर विषमने. म्हणजे कळंबला दर वेळी पहिल्या वर्षाची एक आणि दुसऱ्या वर्षाची एक अशी जोडी मिळते. गाडी तिथून सहा वेळा जाते, म्हणून सहा आणि सहा. प्रत्येक तालुक्याचं हेच. पुसदचं काय, जिथून फेरी सुरू झाली? पहिला रस्ता १ नंबरचा, विषम. शेवटचा ९६ नंबरचा, सम. पुसदचाही हिशोब चोख.

आणि यात आपण कुठल्या २४ लढती कायमच्या ठरवल्या हे एकदाही विचारलं नाही. पुसदने यवतमाळ घेतलं असतं किंवा महागाव ठेवलं असतं, तरी एसटीची फेरी झालीच असती. भावनेने घेतलेला निर्णय पुढच्या न्यायाच्या आड येत नाही. हे पहिल्यांदा ध्यानात येतं तेव्हा माणूस थक्क होतो.

घरचं आणि परकं मैदान ठरवायलाही हीच युक्ती. पहिल्या वर्षाच्या ४८ रस्त्यांवर पुन्हा एक फेरी मारा. रस्ते दोन सुट्या तुकड्यांत पडले, तर प्रत्येक तुकड्यात वेगळी फेरी. गाडी ज्या गावातून निघते तो पाहुणा, ज्या गावात पोचते तो यजमान. प्रत्येक गावात गाडी तीनदा येते आणि तीनदा निघते, म्हणून ३ सामने घरी आणि ३ परगावी. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी दिशा उलट्या करा. कायमच्या ३ लढतींत एका वर्षी काहींना दोन घरी, काहींना एक. पुढच्या वर्षी अदलाबदल. ९ ही विषम संख्या असल्याने एवढा चढउतार अटळ आहे.

शेवटचा प्रश्न आठवड्यांचा. प्रत्येकाला ९ सामने, आठवड्याला एक. मग हंगाम किती आठवड्यांचा? ९ पेक्षा कमी होणार नाही हे उघड आहे. पण एकाच दिवशी दोन ठिकाणी बोलावणं येऊ नये म्हणून १५ किंवा २० आठवडे लागतील अशी भीती वाटते. १९६४ साली वादिम व्हिझिंग या गणितज्ञाने सिद्ध केलं की अशा कुठल्याही मांडणीत जास्तीत जास्त एकच आठवडा वाढतो. म्हणजे १० आठवडे नेहमीच पुरतात. दिवाळीनंतर सुरू करा, संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत संपवा.

जे गणित सांगत नाही

या हमीची हद्दही नीट पाहायला हवी. सगळ्यांना सारखे सामने मिळतील, पण सारखे अवघड सामने मिळतीलच असं नाही. ज्याचे तिन्ही कायमचे शेजारी तगडे असतील त्याचं दर वर्षी कठीण, आणि ज्याचे कच्चे असतील त्याचं सोपं. म्हणूनच साउथईस्टर्न कॉन्फरन्सने कायमच्या जोड्या दर ४ वर्षांनी पुन्हा तपासायच्या ठरवल्या आहेत. आपल्या जिल्ह्यातही तेच करावं लागेल, आणि त्या तपासणीत उमरखेड-वणीसारख्या लांबच्या जोडीचा प्रश्न सगळ्यांत आधी घ्यावा लागेल. पुसदला आजही रेल्वे नाही. वर्धा-नांदेड मार्गाचं काम सुरू आहे. तोवर आमचे संघ रस्त्यानेच फिरणार, आणि रस्त्यावरचे तास कुठल्याही गुणतक्त्यात दिसत नाहीत. ते माणसांनीच मोजायचे.

पाच जिल्हे, पाच सूत्रं

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत पाच जिल्हे येतात. पाचही जिल्ह्यांना असं सूत्र सापडतं का, ते करून पाहिलं तर उत्तर फार सुंदर येतं.

वाशिममध्ये ६ तालुके, म्हणजे ५ प्रतिस्पर्धी. १ कायमचा, २ पहिल्या वर्षी, २ दुसऱ्या वर्षी.

अकोल्यात ७ तालुके, ६ प्रतिस्पर्धी. ३ कायमचे जमत नाहीत हे आपण पाहिलं, पण २ अधिक २ अधिक २ अगदी बरोबर जमतं.

बुलढाण्यात १३ तालुके, १२ प्रतिस्पर्धी. तिथे ४ अधिक ४ अधिक ४.

अमरावतीत १४ तालुके, १३ प्रतिस्पर्धी. ३ अधिक ५ अधिक ५. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने १४ संघ असताना २०२३ साली हीच रचना वापरली होती.

आणि यवतमाळ, ३ अधिक ६ अधिक ६.

पाचही ठिकाणी एसटीची फेरी पूर्ण होते, कारण कायमच्या लढती वजा केल्यावर प्रत्येक तालुक्याचे उरलेले रस्तेही सम राहतात आणि रस्त्यांची एकूण संख्याही सम येते: वाशिमला १२, अकोल्याला १४, बुलढाण्याला ५२, अमरावतीला ७०, यवतमाळला ९६. पडताळून पाहायला कागद आणि पेन्सिल पुरे. अकोला आणि बुलढाण्यात तालुके विषम असल्यामुळे दर आठवड्याला निदान एक संघ विश्रांती घेईल, एवढाच फरक.

क्रीडाशिक्षकांनी हा प्रयोग एकदा वर्गात करून पाहावा. मुलांना आपल्या जिल्ह्याचा नकाशा द्यावा, कायमचे प्रतिस्पर्धी त्यांनाच निवडू द्यावेत, आणि त्यावरून भांडूही द्यावं; ते भांडण खेळावरच्या प्रेमाचं आहे. मग तीच एसटी त्यांच्या रेघांवरून फिरवावी. पदवीच्या तीन वर्षांत आपण जिल्ह्यातल्या प्रत्येक संघाशी खेळणार आणि शेजारच्या गावाशी दर वर्षी खेळणार, हे वचन प्रत्येक विद्यार्थ्याला देता येतं. ते पाळायला पैसा किंवा मोठी यंत्रणा लागत नाही. लागते ती वेळापत्रक न्यायाने आखायची इच्छा. बाकीचं काम ऑयलर जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच करून गेला आहे.